नाव न घेतलेली मूठ

धुळे,
११ ऑगस्ट १९६०

प्रिय शालिग्राम,

तुझं पत्र मुंबईच्या पत्त्यावर जाऊन, तिथून फिरून, परवा इथे धुळ्याच्या डाकबंगल्यावर पोचलं. तुझ्या सुनंदाच्या नेमणुकीचं काय झालं, एवढंच तू विचारलं आहेस. सरकारी ट्रेनिंग कॉलेजात अध्यापिका म्हणून तिची निवड होऊन चार महिने झाले. बरोबरच्या मुली रुजू झाल्या, आणि हिचा कागद ‘पोलीस चौकशी बाकी’ म्हणून अडकला आहे. महिनाअखेरपर्यंत चौकशीचं उत्तर गेलं नाही तर यादीतलं पुढचं नाव घेणार. शेवटी लिहिलं आहेस, ‘त्याच खात्याचा तू मोठा साहेब, एक शब्द टाकायला तुला किती वेळ लागतो?’ शालिग्राम, शब्द टाकून होणारं हे काम नाही. का, ते सांगण्यासाठी आज दौऱ्यातला एक दिवस मोकळा ठेवला आहे.

गेल्या शुक्रवारी मी यावलला होतो, हे तुला घरी कळलं असेलच. तू केळीच्या वाघिणी भरायला निंभोरा स्टेशनवर गेला होतास, तुझा भाऊ लोटन मळ्यात होता. घरी झुंबरमाय, तुझी आई, एकटीच. तिला आता नीट दिसत नाही, पण जीपचा आवाज ऐकून ओट्यावर येऊन उभी राहिली आणि मी पायऱ्या चढण्याआधीच म्हणाली, “बन्सी, चपला बाहेर काढ, मोठा सायेब झाला म्हनून घरात आनू नको.” माझा ड्रायव्हर तोंड फिरवून हसला. मी चपला काढल्या.

त्या घरात मी पहिल्यांदा आलो तो दहा वर्षांचा. वडील जंगलखात्यात कारकून, ते पटकीने गेले आणि आई पिंपळनेरला माहेरी गेली. माझी शाळा बुडू नये म्हणून तुझ्या वडिलांनी, जीवराम आबांनी, मला ठेवून घेतलं, ते मॅट्रिक होईपर्यंत. आपण दोघं एका घोंगडीवर झोपायचो. तुला गणित येत नसे आणि मला भांडता येत नसे. तू म्हणायचास, “बन्सी, तू पुस्तक कशाला उघडतो? मास्तरच्या घराच्या भिंतीजवळ बसून राह्य, पेपर तुले तिथंच कळंल.” खोटं नव्हतं. परक्या घरात वाढणाऱ्या पोराला कोण कधी रागावेल, कोणाचं कोणाशी बिनसलं आहे, हे न विचारता ओळखायची सवय लागते. पुढे त्याच सवयीचा मला पगार मिळाला.

वर्षातून एकदाच त्या घरात मी बाहेरचा ठरत असे, ते कानबाई देवीच्या रोटांना. श्रावणात घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचा, जात्यावर दळायचा, त्याचे रोट, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या जाड पोळ्या, करायचे. खायचे ते फक्त भाऊबंदांनी, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. म्हणून जो खायला हजर असेल त्याच्याच नावाची मूठ. परक्याला कणभरसुद्धा द्यायचा नाही. रोट संपेपर्यंत मी मास्तरांकडे जेवायला जायचो. आबांनी नेम मोडला नाही आणि मी त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. हे एवढं लांबवून लिहितो आहे, कारण पुढचं सगळं या नेमावर उभं आहे.

छत्तीस साली मी पोलिसात लागलो. सत्तेचाळीसनंतर बरेच साहेब निघून गेले, जागा रिकाम्या झाल्या, आणि दोन्ही खानदेशांतल्या बातम्या गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. कचेरी धुळ्याला. लोकांना वाटतं या कामात वेषांतर वगैरे असतं. तसं काही नाही. बाजाराच्या दिवशी कोण आलं नाही, कुठल्या घरी अचानक जास्त दूध लागतं, एवढं पाहायचं आणि दर शनिवारी मुंबईला अहवाल पाठवायचा. माझ्या माणसांना मी एकच गोष्ट शिकवली होती. माणसांची चौकशी करू नका, पिठाची करा. माणूस लपवता येतो, त्याची भूक लपवता येत नाही. आणि दुसरी, कोणाला सरळ प्रश्न विचारायचा नाही. विचारलं की आपल्याला काय ठाऊक आहे ते समोरच्याला कळतं.

एकोणपन्नास साली तुझा चुलतभाऊ वना याने केळीच्या मळ्यांतल्या मजुरांचा संप केला. चार दिवस वाघिणी रिकाम्या उभ्या राहिल्या. त्याच्यावर वॉरंट निघालं आणि तो नाहीसा झाला. मुंबईहून मला दर आठवड्याला एकच ओळ यायची, ‘वना कुठे आहे?’ सात आठवडे मी ‘शोध चालू’ लिहिलं. आठव्या आठवड्यात उखर्डूची बायको तुमच्याकडे रोटांच्या दळणाला ओव्या म्हणायला आली होती. उखर्डू माझा माणूस होता. आता तो नाही, म्हणून त्याचं नाव लिहितो. तिने घरी जाऊन नवऱ्याला सहज सांगितलं की झुंबरमायने आबांचं नाव घेऊन मूठ टाकली, तुझं घेऊन टाकली, लोटनचं घेऊन टाकली, आणि चौथी मूठ नाव न घेता, मुकाट्याने टाकली.

घरात पुरुष तीन आणि मुठी चार. दुसरा कोणी अधिकारी असता तर त्याला यात काही दिसलं नसतं. मला सगळं दिसलं, कारण तो नेम मला पाठ होता. परक्याची मूठ निघत नाही, म्हणजे चौथा भाऊबंदच. हजर नसेल त्याची निघत नाही, म्हणजे तो रोट खायला येणार. वनाचे आईबाप नव्हते, त्याचे रोट तुमच्याच घरी व्हायचे. आणि नाव घेतलं नाही, म्हणजे घेण्यासारखं नव्हतं. मी त्याच दुपारी अहवाल लिहिला.

सोमवारी सकाळी तुम्ही सगळे कानबाई विसर्जनाला घेऊन नदीवर गेला होतात, तेव्हा यावलचे पोलीस तुमच्या घरात शिरले. मी गेलो नाही, धुळ्यालाच बसून राहिलो. वना सापडला नाही, पण ओसरीवर चार पाट मांडलेले होते. पंचनाम्यात तेवढी एक ओळ होती. माझ्या लेखी ती पुरेशी होती. ‘फरारी इसमास आसरा दिला’ म्हणून तुला स्थानबद्ध केलं. त्यापलीकडे कारण तुला कोणी सांगितलं नाही, सांगायची पद्धतही नव्हती.

महिन्याभराने झुंबरमाय केळीची फणी घेऊन एसटीने धुळ्याला माझ्या घरी आली. म्हणाली, “बन्सी, तू सरकारात हाये, मह्या पोराले सोडव.” मी म्हणालो, माय, हुकूम वरून आला आहे, माझ्या हातात नाही. तिने मान हलवली आणि माझ्या बायकोला केळी पिकत कशी घालायची ते सांगत बसली. त्या वेळी मी तिला एकच गोष्ट विचारायला हवी होती, माय, चौथी मूठ कोणाची? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला मुठींचं ठाऊक आहे हे तिला कळलं असतं.

तू अकरा महिने आत होतास. सातव्या महिन्यात आबा गेले. तुझ्या रजेचे कागद नऊ दिवस फिरत राहिले आणि दहाव्या दिवशी मंजूर झाले. आबांना मी खांदा दिला. सुटून आल्यावर तू माझ्या गळ्यात पडून रडलास, की तू नसताना मी मुलासारखा उभा राहिलो. तुला घोंगडी पोचवली, पत्रं वेळेवर दिली, म्हणून आजवर दहा वेळा तू माझे उपकार मानलेस. मी ते ऐकून घेत आलो.

वना एक्कावन्न साली आपण होऊन हजर झाला. तो सबंध काळ सुरतेच्या गिरणीत होता. तरीही मला चुकल्यासारखं वाटलं नाही. त्याला सुगावा लागला असेल आणि आयत्या वेळी तो आला नसेल, असं मी स्वतःला समजावलं. वना सापडला नसला तरी तो अहवाल वरच्यांना फार आवडला होता. त्यानंतर मी पुण्याला गेलो, मग मुंबईला. नव्या अधिकाऱ्यांना शिकवताना मुठींचं उदाहरण मी गावाचं नाव गाळून सांगत असे. मुलं वहीत उतरवून घ्यायची. यंदा मे महिन्यात नवं राज्य झालं आणि खात्याचं प्रमुखपद माझ्याकडे आलं.

आता गेल्या शुक्रवारचं. मायने मला पाटावर बसवलं आणि पुढ्यात रोट ठेवला. मी म्हणालो, माय, मला कसा चालेल? मी भाऊबंद नाही. ती म्हणाली, “नेम मले शिकवतो का? तुह्या नावाची मूठ मी दरसाली घेते. तू शायेले होता तवापासून. आबा रागावतीन म्हनून नाव नाही घेतलं कधी, मनातच घेतलं.” मी विचारलं, मी तर कधी रोटांना येत नव्हतो, मग माझ्या वाट्याचा खायचं कोण? म्हणाली, “पाट मांडायची, तुही वाट पाह्यची, आन मंग मीच खायची. उरू द्यायचा नसतो ना.” शालिग्राम, तो रोट मी खाल्ला. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.

सुनंदाचा कागद अडला आहे तो त्या अहवालामुळे. ‘वडिलांनी फरारी इसमास आसरा दिला’ ही नोंद तिच्या चौकशीत निघाली आणि शेरा मागण्यासाठी फाईल माझ्याकडेच आली. नुसतं ‘हरकत नाही’ लिहून भागत नाही. जुनी नोंद रद्द करायची तर कारण द्यावं लागतं. मी काल कारण लिहिलं: नोंद माझी आहे, अनुमान चुकीचं होतं, चौथी मूठ माझ्या नावाची होती, शालिग्राम जीवराम यांनी कोणालाही आसरा दिलेला नव्हता. खाली सही केली आणि कागद आजच्या टपालाने सचिवांकडे गेला. सुनंदा या महिन्यात रुजू होईल. माझ्या खुर्चीचं काय ते तिकडे ठरेल, त्याची तू काळजी करू नकोस. पण त्या शेऱ्याची नक्कल तिच्या कागदांना जोडली जाईल आणि ती घरी आणून तुला दाखवील. ते तू सरकारी भाषेत, तिच्या तोंडून ऐकू नयेस, म्हणून हे पत्र. मला उत्तर लिहिलं नाहीस तरी मी समजेन. एकच काम कर. पुढच्या श्रावणात माय दळणाला बसेल, त्याआधी तिला हे सगळं वाचून दाखव. माझ्या नावाची मूठ घ्यायची की नाही, ते मग तिचं तिला ठरवू दे.

तुझाच,
बन्सी