कोणाचाच नसलेला हॅमो

देवबाप, पवित्र मरिया आणि आमच्या चर्चची राखणदार सेंट मार्गारेट यांना स्मरून मी हॅविस, दिवंगत वॉरिनची विधवा, राहणार ऑल्डरविक, धंदा बार्लीची दारू करून विकणे, वय सत्तेचाळीस की अठ्ठेचाळीस, हे माझे शेवटचे म्हणणे लिहवून घेत आहे. पाय सुजले आहेत, डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीला घातलेले नाही. लिहिणारे आमचे फादर सायमन. "जरा सावकाश सांगा, हॅविसबाई," असे ते आत्ताच म्हणाले. तेही लिहा म्हटले, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की फादरांनी पदरचे घातले.

आत्मा देवाचा, तो त्याने घ्यावा. देह चर्चच्या आवारात जागा मिळेल तिथे पुरावा.

आम्ही मठाची बांधील कुळे. कूळ मेले की घरातले सगळ्यात चांगले जनावर मठाला जाते आणि त्याखालचे चर्चला. तेव्हा काळी गाय मठाची. ती धार काढताना लाथ मारते, पण विचारल्याखेरीज हे सांगायला मी बांधील नाही. तांबडी कालवड चर्चची, ती गरीब आहे.

मोठा पितळी हंडा, दारू आंबवायची दोन्ही पिंपे आणि माझा लोकरी झगा हॅमोचा. झगा विकून त्याने बूट घ्यावेत.

जे जाते माझ्या घरात नाही असे मी मठाच्या कचेरीत चौदा वेळा शपथेवर सांगितले, ते नणंद सबिनाला द्यावे. कुठे आहे ते तिला ठाऊक आहे. मठाच्या गिरणीतच दळायचा कायदा मला माहीत आहे, आणि गिरणीवाल्याचा अंगठा मापात किती आत जातो तेही. आता दंड करायचा तर मेलेल्या बाईला करावा.

गिरणीवाल्याला काही नाही. मातीला आला तर पाव द्यावा, दारू देऊ नये.

आता मुख्य गोष्ट.

माझा मुलगा हॅमो आज मठाच्या कोठारात आहे, पाय खोड्यात अडकवलेले. गेल्या वर्षी कापणी आटोपल्यावर तो पळून लिन शहरात गेला आणि दोर वळायचे काम शिकला. बांधील माणूस शहरात एक वर्ष आणि एक दिवस राहिला की सुटतो, हे शेंबडे पोरही जाणते. मीही जाणत होते. वर्ष भरून वर आठवडा झाला असे धरून मी लोणी विकायला जाणाऱ्या गाडीवानाबरोबर निरोप धाडला: "आई अंथरुणाला खिळलीय. आता यायला हरकत नाही, तोंड दाखवून जा." मी मोजले ते तो घरातून निघाला त्या दिवसापासून. कायदा मोजतो तो शहराच्या वेशीत शिरल्यापासून. मधले एकोणीस दिवस पोर वाटेत कोणाच्या तरी खळ्यावर मजुरीने मळणी करत होते, हे मला काय माहीत! तो आला, माझ्या उशाशी बसला, सूप पाजले, आणि मठाच्या दिवाणाची माणसे त्याला घेऊन गेली. बारा दिवस कमी पडले. पोराला मी धरून दिले. ही बोच मी बरोबर नेणार नाही.

म्हणून शपथेवर सांगते. हॅमो वॉरिनच्या घरी वाढला, वॉरिनच्याच रक्ताचा आहे, पण लग्नाच्या आधी जन्मलेला आहे. मोठ्या साथीच्या साली आमचे लग्न ठरले आणि त्याच आठवड्यात तेव्हाचे फादर गेले. आजूबाजूच्या पाच गावांत लग्न लावायला माणूस उरला नाही, पुरायलाही नाही. आम्ही तरुण होतो, रोज कोणी ना कोणी मरत होते, आम्ही थांबलो नाही. हॅमो ऐन हिवाळ्यात, मेणबत्त्यांच्या सणाला झाला. नवे फादर आले वसंत सरल्यावर, तेव्हा चर्चच्या दारात लग्न लागले. एक सबिना सोडली तर ज्यांना हे ठाऊक होते, त्यांना पुढच्या साथीने नेले.

पुरावा मठाच्याच दप्तरात आहे. निम्मे गाव मेले तरी दिवाणाची कचेरी भरायची चुकली नव्हती. साथीच्या सालची गुंडाळी उघडावी: "रेनरची मुलगी हॅविस, लग्नावाचून गरोदर, दंड सहा पेनी." ती मीच. सहा पेनीसाठी बापाने बोकड विकला आणि महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

राजाचा कायदा सांगतो, लग्नाआधीचे मूल कोणाचेच नसते. आणि जो कोणाचाच नाही त्याला बापाची बांधिलकी कुठून लागणार? हॅमो जन्मतःच मोकळा आहे. पण मग बापाचे घर आणि अठरा एकरही त्याचे नाहीत. ते सबिनाच्या मुलाकडे, ओडोकडे जातात.

फादरांनी हे कोठारात जाऊन हॅमोला विचारले. तो म्हणाला, "आईला सांगा, जन्मभर वेठ करीन, पण मला बाप नाही असं माझ्या तोंडून निघायचं नाही." पोरा, तुझ्या तोंडून निघायची गरज नाही. मी बोलले आहे. वॉरिनने मरताना माझा हात धरून वचन घेतले होते, "हे आपल्या दोघांतच राहू दे." ते मी आज मोडते. त्याचे पाप माझ्या माथी.

सबिनाशी माझे सव्वीस वर्षे पटले नाही. माझी दारू पातळ असे ती बाजारात सांगे, आणि तिची जीभ जाड असे मी. काल तिला बोलावून साक्ष मागितली. ती म्हणाली, "वहिनी, मी एक शब्द काढला असता तर ती जमीन केव्हाच ओडोची झाली असती."

"मग काढला का नाहीस?"

"दादा त्या पोराला खांद्यावर घेऊन नांगरायला जायचा. ते बघून काय बोलणार, तूच सांग."

मी तिला ओळखलेच नव्हते. इथे तिची क्षमा मागते.

गुरुवारी कचेरीत हे वाचतील तेव्हा बापाच्या नावाची जागा मोकळी राहील आणि लोक हसतील. हॅमो, मान खाली घालू नकोस. सुटलास की लिनचा रस्ता धरण्याआधी वॉरिनच्या थडग्यापाशी जा. तिथे दिवाण नाही, दप्तर नाही. तिथे 'बाबा' म्हणून हाक मार, चांगली मोठ्याने मार.

वाचून दाखवले, बरोबर आहे. हॅविसच्या हातची निशाणी: +

साक्षीदार: टर्स्टन लोहार, स्वतंत्र माणूस. निशाणी: +

साक्षीदार: सबिना, वॉरिनची बहीण. निशाणी: + तिने शपथेवर पुढील वाक्य घालायला लावले: "दादाच्या लग्नात मी चर्चच्या दाराशी उभी होते, आणि पोर माझ्या कडेवर होतं."

मुक्काम ऑल्डरविक. सेंट मार्टिनच्या सणानंतरचा मंगळवार, राजा एडवर्ड तिसरा याच्या राज्याचे पन्नासावे वर्ष.