हिरव्या ठिपक्याची राखण

॥ श्री ॥
तळाशील, ता. ३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रसिका हिस,
सासूचे अ. आ. वि. वि.

पत्र बघून हसशील. पण काय करू गो, फोनची रेंज साऱ्या घरात एकाच जागी, माडीवर, आणि तिथे आता तुझ्या लेकाचं हापिस. मी फोन घेऊन वर गेले की तो ओठांवर बोट ठेवतो. म्हणून शेजारच्या जानकीकडून वहीचं पान आणलं. तिसरी शिकलेली बाई मी, चुका पोटात घाल.

विनीत आला त्याला दीड महिना झाला. विनीतचा बाप सुदेश बोटीवर नोकरीला गेल्यापासून या घरात एका माणसाची पेज शिजत होती. आता रोज दोन माणसांचे तांदूळ धुते नि धुता धुता मलाच हसू येतं. हापिसाला घरी बोलावणारा हा आपल्या कुळातला पहिलाच! वर इस्त्रीचा शर्ट, खाली अर्धी चड्डी. मी विचारलं, रे बाबा, अर्ध्या माणसाचोच पगार देतत काय तुका? हसला नाही. कामात होता.

काल तुळशीचं लग्न लावलं. अंतरपाट विनीतनेच धरला, एका हाताने. दुसऱ्या हातात फोन. मंगलाष्टकं संपायच्या आत जिना चढून गेला, म्हणाला साहेब बोलावतो. भटजी म्हणाले, नर्मदाबाय, नवरीचो मामा पळालो. आम्ही पोट धरून हसलो.

आणि ऐक, रापण लागली की सहदेव तांडेल अजून विनीतच्या नावाचा वाटा काढतो. किनाऱ्यावर जाळं ओढताना दोराला हात लावील त्याला मासळीचा वाटा, ही रीत. विनीतने या खेपेला एकदाही हात लावला नाही, तरी काढतो. म्हणतो, लहानपणी सगळ्यांच्या आधी धावत येयचो, तेचो हात दोराक लागलेलोच आसा. परवा बांगडे मिळाले. त्यांचं झणझणीत तिखलं केलं. विनीतने दोन घास खाल्ले.

तू काळजी करू नकोस. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी सासू, नर्मदा

ठाणे, ता. ९ नोव्हेंबर

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा वाचलं.

आई, एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती. विनीत पुण्याला तीन वर्षं एका खोलीत राहून काम करत होता. त्याच खोलीत जेवण, तिथेच झोप, तिथेच साहेब. ऑगस्टमध्ये मी न सांगता गेले तर खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवलेली. दिवस कुठला ते त्याला सांगता येईना. मीच म्हटलं, काम घरूनच करायचं ना, मग आजीच्या घरून कर. समुद्रावर जाईल, माणसांत येईल, असं वाटलं.

म्हणून विचारते, तो खाली उतरतो का? जेवतो का नीट? फोनवर मला फक्त मजेत आहे म्हणतो. आणि रापणीला जात नाही हे तर त्याने सांगितलंच नाही. इस्पितळात माझ्याबरोबरच्या दोन नर्स रजेवर आहेत, मला सुट्टी मिळत नाही. तुम्हीच बघा त्याच्याकडे.

आपली,
रसिका

तळाशील, ता. १७ नोव्हेंबर

चि. सौ. रसिका हिस,
अ. आ. वि. वि.

अगो, तू उगाच घाबरतेस! पुण्याला एकटा होता, इथे मी आहे ना. मोठी बातमी सांगते. तुझी सासू बहात्तराव्या वर्षी नोकरीला लागली!

झालं असं. त्याच्या कंप्युटरवर नावापुढे हिरवा ठिपका असतो. म्हणजे माणूस जाग्यावर आहे. पाच मिनिटं हात लागला नाही की ठिपका पिवळा होतो आणि साहेब विचारतो, खंय गेलास. बिचारा पोर आंघोळीला जाईना त्या ठिपक्यापायी. मग मीच म्हटलं, शेताची राखण केली, माडाची केली, ही का नाही जमणार? त्याने माऊस हातात दिला. उंदीर म्हणे! मी म्हटलं, जन्मभर उंदीर मारले, आता एकाला गोंजारते.

आता खुर्चीत मी. एका हाताने लसूण सोलते, दुसऱ्याने उंदीर हलवते. विनीत शेजारी खाटेवर पडून असतो. निरोप आला की टुंग वाजतं, तो उठतो, दोन अक्षरं मारतो, परत भिंतीकडे तोंड. दहा दिवस असंच चाललं आहे. मी म्हटलं, मागची सगळी झोप काढतोय, काढू दे. पण झोपत नाही गो. डोळे उघडेच असतात. आंघोळीसाठी मी बसले, आणि आंघोळ राहिलीच. खिडकीही लावून घेतो. रापणकऱ्यांचा आवाज कामात येतो म्हणाला.

शुक्रवारी कंप्युटरवर मोठं रंगीत प्रशस्तिपत्र आलं, विनीतच्या नावाचं. मी मोठ्याने वाचायला लावलं. सदैव हजर राहिल्याबद्दल अभिनंदन! मी नारळ फोडला, जानकीकडे खोबरं पाठवलं. विनीत ते बघत राहिला, बघत राहिला, आणि रडला. म्हणाला, आजी, आठवडाभर मी नाहीच आहे, कोणाक कळूक नाय. मी म्हटलं, वेड्या, आनंदाने रडतोस.

आनंदानेच ना गो?

उत्तर लवकर धाड. जीव तुझ्यात आहे.
नर्मदा

ठाणे, ता. २२ नोव्हेंबर

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

आई, तो आनंद नव्हे. तो आजारी आहे. हात जोडते, तो ठिपका राखू नका. पिवळा होऊ दे, विझू दे, नोकरी गेली तर जाऊ दे. फोन काढून घ्या. त्याला एकटं ठेवू नका, आणि गावातल्या सुशांत डॉक्टरांना घरी बोलवा, मी त्यांच्याशी बोलले आहे.

सुट्टी मिळो न मिळो, मी ३० तारखेला, रविवारी निघते. सोमवारी सकाळी कुडाळला उतरेन. तुमच्यावर राग नाही. त्याला तिथे मीच पाठवलं.

रसिका

तळाशील, ता. २६ नोव्हेंबर

चि. सौ. रसिका हिस,
अ. आ. वि. वि.

हे पत्र तुला मिळण्याआधी तू कदाचित निघालेली असशील. तरी लिहिते. लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुझं पत्र काल आलं. वाचलं आणि उंदरावरचा हात उचलला. पाच मिनिटं कशी गेली माझी मला माहीत. ठिपका पिवळा झाला. टुंग टुंग सुरू झालं. विनीत उठायला बघत होता, मी खांदा धरून निजवलं. कंप्युटर बंद केला. त्याचा फोनही जानकीच्या पोरीकडून बंद करून घेतला आणि तांदळाच्या डब्यात तळाशी पुरला. मग तो झोपला. खरा झोपला, घोरला. डॉक्टर संध्याकाळी येऊन गेले, गोळ्या दिल्या, कणकवलीच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं.

आज सकाळी आपण होऊन खाली आला. पेज घेतली. किनाऱ्यावर रापण लागली होती. सहदेवने हाक मारली नाही, नुसता दोर थोडा त्याच्या बाजूला सरकवला. आणि विनीतने धरला गो! मी पडवीत उभी राहून दोन्ही हात जोडले. अगदी लहानपणीसारखा मागे रेलून ओढत होता. जाळं जवळ आलं, मासळी फडफडताना दिसायला लागली.

आणि त्याने मधूनच दोर सोडला. सोडला की त्या बाजूचं जाळं ढिलं पडतं, हे त्याला कुणी शिकवायला नको. तरी सोडला आणि घराकडे धावत सुटला. ओल्या पायांनी जिना चढला. मी मागोमाग गेले तर खुर्चीत बसलेला, बंद कंप्युटरसमोर, हात उंदरावर. म्हणाला, फोन वाजता आसा, ऐकूक येणा नाय तुका?

फोन तांदळात होता. बंद.

मी खोटं बोलले. म्हटलं, होय रे, वाजलो, मी सांगितलंय तेंका, तू हंयच आसस. तेव्हा कुठे श्वास सोडला. अजून तिथेच बसला आहे. मी खाली जिन्यावर बसून हे लिहिते आहे. सहदेवने वाटा आणून दिला, पुरा. म्हणाला, हात लागलो ता लागलो.

दोन महिने मी दोन माणसांचे तांदूळ धुतले आणि समजले, नातू घरी आला.

तू ये. फाटकातून हाक मार, मोठ्याने, त्याच्या लहानपणीच्या नावाने. आणि पोचल्याचा फोन मात्र करू नकोस.

तुझी वाट बघणारी,
नर्मदा