नापास कागद

नाशिक रोड,
१२ जून २०२४

ती. मैनाताईंना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि हे प्रकरण ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र. तुमच्या भावानं मला अगदी वैताग आणलाय. प्रेसमधून निवृत्त झाल्यापासून हे गॅलरीतल्या खुर्चीत नुसते बसून असायचे. बोलणं नाही, फिरणं नाही. मला भीती वाटायला लागली, म्हणून इंदिरानगरला चित्रकलेच्या प्राथमिक वर्गात यांचं नाव घातलं. आधी रेषा, मग वर्तुळ, ठोकळा, चेंडूवरची छाया, शेवटी माणसाचा चेहरा, असं पायरीपायरीनं शिकवतात. हे रमले. सकाळी उठून पेन्सिली तासायला लागले.

पण जन्मभर नोटांचे छापील कागद तपासले, ते हात स्वस्थ कसे बसणार? चित्र झालं की भिंग लावून बघतात, कुठे रेघ हललेली दिसली की लाल फुली मारून बारीक तुकडे करतात. म्हणे, खराब माल बाहेर जाता कामा नये. वर्गाच्या शुभांगी मॅडम घरी काढलेली चित्रं बघूनच पुढच्या पायरीला पाठवतात, आणि यांची फाइल रिकामी. आता हे म्हणतात, मला जमत नाही, वर्ग सोडतो. पुन्हा त्या खुर्चीत बसलेले मला बघवणार नाहीत. तुम्ही मोठ्या आहात, चांगलं खडसवा.

लोभ आहेच, सध्या जरा जास्त असू द्या.
तुमची,
दीपमाला


सटाणा,
२० जून

चि. सौ. दीपमालास अनेक आशीर्वाद.

ज्ञानेशला फोन करून खडसावलं. त्यानं काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही, ते बरंच झालं.

मला एक सांग, प्रेसमध्ये त्याच्या टेबलावर अर्धवट छापलेला कागद तपासायला यायचा का? मग तू चित्र पुरं होऊच देऊ नकोस. थोडं राहिलं असतानाच कागद उचल आणि फाइलला लाव. भांडला तर भांडू दे, गप्प बसण्यापेक्षा बरं. इकडे चाळीत साठवलेला कांदा निवडायचं चाललंय, नाहीतर मीच आले असते.

इकडची काळजी करू नकोस, माया आहे ती राहील.
तुझी,
मैनाताई


नाशिक रोड,
१८ जुलै

ती. मैनाताईंना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं आणि घरात महाभारत झालं. कान नसलेला कप, बूड नसलेला तांब्या, अर्धा पेरू, जे दिसलं ते यांच्या हाताखालून ओढून घेतलं. हे इतके चिडले की वाढलेल्या ताटावरून उठले. मॅडमना मात्र त्या अर्धवट चित्रांतच यांचा हात दिसला म्हणे. चेहऱ्याच्या पायरीला पाठवलं.

मग काय, मलाच समोर बसवलं. या वेळी मी कागद ओढला नाही; खरं सांगते, मला तो पुरा झालेला बघायचा होता. झाला. एक डोळा वर, एक खाली, नाक भलतीकडेच. यांनी भिंग लावलं, लाल फुली मारली आणि फाडायला कागद दोन्ही हातांत धरला. मी वैतागून म्हटलं, फाडा एकदाचा. यांनी कागद हळूच खाली ठेवला. मग म्हणाले, कागद नापासच आहे, पण तुझा चेहरा माझ्याच्यानं फाडवत नाही. आणि स्वतःच्या हातानं फाइलला लावला, फुलीसकट.

ताई, लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाच्या तोंडून असं काही कधी ऐकलं नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन रडले. आता रोज संध्याकाळी समोर बसवतात. हलू नको, बोलू नको, हसू नको. भाजी करपते, मान अवघडते, जीव नुसता कावतो. पण उठत नाही मी.

असाच जीव लावत राहा.
तुमची,
दीपमाला