तबकडीचा वेग

आदरणीय सर,

तीनशे वर्षे जुन्या त्या वृंदगायनाची तबकडी ऐकून ग्रंथालयाच्या कार्डावर ‘लय द्रुत, पट्टी उंच, भाव आनंदी’ अशी नोंद मीच केली. स्वरलिपीत लय दिलेली नसल्यामुळे तुम्ही त्या नोंदीवर विसंबून तुमच्या गायकवृंदाकडून गाणे बसवून घेतलेत. काल कळले, मी यंत्र चुकून जादा वेगाने लावले होते. मुळात ते संथ शोकगीत आहे. कबुली द्यायला धावत आले, तोवर कार्यक्रम संपला होता आणि तुम्हीच म्हणालात, “पोरी, वीस वर्षांत पहिल्यांदाच पहिल्या रांगेत कोणी पेंगलं नाही! आमचे खर्जवाले काका तर धापा टाकत हसत होते.” मी ‘अभिनंदन, सर’ एवढेच म्हणून परत फिरले.

आज कार्डावर लय आणि पट्टी दुरुस्त केली. ‘आनंदी’ खोडायला मात्र हात धजावला नाही.

हे पत्र टाकण्याचे धैर्य नसलेली,
ग्रंथालयातली मुलगी