काकू बंद, मावशी चालू

मुरुड, २७ जुलै

चि. विशाखास अण्णांचे पोटभर आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नको, सगळे धडधाकट हाव. फोनवर मला ऐकू येत न्हाई, मग तू वरडतीस, मी वरडतो, आणि भिंतीपलीकडं भुजंग कान टवकारून बसलेला. सख्खा भाऊ असला म्हणून काय, लढाईतल्या गोष्टी त्याला कशाला कळाव्यात?

लढाई पोळ्याचीच. वेशीतून पहिली जोडी थोरल्या घराची, म्हणजे आपली. मी बैल विकून ट्रॅक्टर घेतला, तर गेल्या साली ह्या पठ्ठ्यानं स्वतःची जोडी पुढं दामटली. औंदा त्यानंबी बैल विकले. आता बैल कुणाकडंच न्हाईत, पण मान सोडायचा न्हाई. मी औशाहून जोडी भाड्यानं ठरवायलो. त्याची अहमदपूरला खटपट चालू हाय, अशी खबर हाय.

तवर त्या घराशी बोलणं, जाणं-येणं, विरजण देणं-घेणं बंद. तुझ्या आईला ताकीद दिलीय. तूबी सिंधुकाकूला फोन करायचा न्हाई. काकू बंद म्हणजे बंद. आईच्या डोळ्याचं पोळ्यानंतर बघू.

जेवणखाण येळेवर करत जा.

तुझा,
अण्णा


नांदेड, ३ ऑगस्ट

ती. अण्णांना विशाखाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र वाचून आधी हसले, मग आईचा डोळा आठवला आणि हसू पळालं.

कॉलेजात सध्या मुलांना ग्रीसमधल्या अथेन्स आणि स्पार्टा या दोन नगरांचं युद्ध शिकवतेय. (ग्रीस म्हणजे तुम्ही ट्रॅक्टरला लावता ते नव्हे, देश.) परका शत्रू आला तेव्हा दोघं एका बाजूनं लढले होते. पुढं अथेन्सची भरभराट झाली, जहाजं वाढली, आणि स्पार्टाच्या पोटात गोळा आला. निमित्तं बारीकसारीक, खरं कारण ती धास्ती. काकांनी वरचा मजला चढवल्यापासून तुम्ही खाट त्यांच्या घराकडं पाठ करून टाकता, म्हणून आठवलं हो. अथेन्सनं एका शेजारगावाला बाजारबंदी केली होती. तुमच्या विरजणबंदीची थोरली बहीणच म्हणा! मग लोक तटाच्या आत कोंडले गेले, साथ आली, ज्यांचा भांडणाशी काही संबंध नव्हता तीच माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. शेवटी स्पार्टा जिंकलं, पण दोघांचंही कंबरडं मोडलं, आणि काही काळानं उत्तरेकडचा तिसराच राजा येऊन सगळ्यांच्या डोक्यावर बसला.

अण्णा, आईचा मोतीबिंदू पार पिकलाय. डॉक्टर म्हणतात, आता उशीर नको. मी दिवसभर कॉलेजात. आई म्हणते, सिंधु उशाशी असेल तरच डोळ्याला हात लावू देईन. दोघी सख्ख्या बहिणी, एकाच मांडवात तुम्हा दोघा भावांना दिल्या, हाच काय तो त्यांचा गुन्हा. पाया पडते, दोघींना पोळ्याआधी पाठवा.

रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची,
विशाखा


मुरुड, ९ ऑगस्ट

चि. विशाखास आशीर्वाद, थोडे रागाने.

तुझं ग्रीस वाचलं. स्पार्टा जिंकलं ना? मग झालं तर. मी स्पार्टा.

उत्तरेच्या राजाचं मला भ्या घालू नको. आपल्या उत्तरेला व्यंकटचा गोठा, दुसरं काय न्हाई. एक जोडी आणि तो. गरीब माणूस, तो काय करणार?

सिंधुकाकू येणार न्हाई. भुजंगची बायको माझ्या लेकीच्या घरात जाऊन राहिली तर गाव तोंडात शेण घालंल माझ्या. काकू ह्या नात्याशी आपला संबंध संपला, हे तुला लिहून देतो. आणि तुझी आई हलली तर पोळ्याला बैल ओवाळायचे कुणी, पुरणाचा नैवेद्य करायचा कुणी?

राग धरू नको.

तुझा,
अण्णा


नांदेड, १७ ऑगस्ट

ती. अण्णांना नमस्कार. पत्र बसूनच वाचा.

तुमची आज्ञा शिरसावंद्य. सिंधुकाकूशी माझा संबंध संपला. आजपासून ती नुसती सिंधुमावशी. मावशी आईकडून लागते, तिचं नाव तुमच्या युद्धात कुठंच नाही. मी तुमचं पत्र नीट वाचून खात्री करून घेतली आहे.

परवा तुम्ही औशाला बैल बघायला गेलात आणि काका अहमदपूरला, तेव्हा आई आणि मावशी लातूरला एसटी बदलून इथं आल्या. चूल थंड का, याचं उत्तर हे. आल्यापासून दोघी एका बाजेवर बसून बोलतायत. मला मध्ये शिरायला जागाच नाही. एवढं साठलं होतं त्यांच्या पोटात, अण्णा, बघून जीव तुटला माझा. उद्या ऑपरेशन.

शिव्या द्या, पण अबोला नको.

तुमची,
विशाखा


मुरुड, २५ ऑगस्ट

चि. विशाखास अण्णांचे आशीर्वाद.

तुझ्या आईला स्वच्छ दिसायलंय, हे कळलं. रडलो. कुणाला सांगू नको.

पोळ्याचं ऐक. दोन्ही भाड्याच्या जोड्या वेशीत समोरासमोर. ना ओवाळणं, ना नैवेद्य. बैल आमच्याकडं बघत्यात, आम्ही एकमेकांकडं. पहिलं कोण, ह्यावर गळे धरायची येळ आली. तेवढ्यात व्यंकट मागून आला, बैल तहानल्यात, जरा सरका म्हणाला, आणि आपली जोडी घेऊन तोरणाखालून गेला बी! नारळ त्याचा, मान त्याचा, पुढच्या सालापासून पहिली जोडी बी त्याचीच, असं गावानं ठरवून टाकलं. तुझा उत्तरेचा राजा लई गरीब निघाला.

औशाचे बैल परत गेले. घरात कुणी न्हाई. घर खायला उठतंय.

आईला म्हणावं, घाई नको, डोळा जप.

तुझा,
अण्णा

ता. क. मावशीला विचारून कळव, पिठल्यात गुठळ्या का होतात. मी पीठ सोडतो, भुजंग हलवतो, तरी व्हायल्यात.