लेकींचा पॉट

जळकोट,
भाऊबीजेनंतरचा मंगळवार

प्रिय नीला,

फोन केला की भैरवी उचलते आणि दर वेळी एकच सांगते, "मावशी, आई झोपलीय." सकाळी झोपलीय, दुपारी झोपलीय, दिवेलागणीलाही झोपलीय. एवढी झोप तुला कधीच नव्हती. म्हणून शेवटी कागद घेतला. फोन दुसऱ्याला उचलता येतो, पण पाकिटावर तुझं नाव असलं की ते उशाशी पडून राहतं, आणि कधी ना कधी तुलाच उघडावं लागतं. शिवाय बातमीच अशी आहे की फोनवर दोन वाक्यांत उधळून टाकू नये. ऐक. पॉट गोठला. यंदा लेकींचा पॉट आमच्या ओट्यावर झाला, सीताफळाच्या आइस्क्रीमचा झाला, आणि मी केला.

तुला त्यातलं सगळं माहीत आहे, तरी मला लिहायला बरं वाटतंय, म्हणून लिहू दे. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या माहेरवाशिणी आमच्या ओट्यावर जमायच्या. आमचे हे दुपारीच दुकान बंद करायचे. सोलापूरहून पोत्यात, भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी यायची. लाकडी बादलीच्या मधोमध डबा, डब्यात आटवलेलं दूध आणि सीताफळाचा गर, भोवती बर्फ आणि खडेमीठ. हे दांडा धरायचे. आतलं घट्ट व्हायला लागलं की दांडा जड व्हायचा आणि अख्खी बादलीच जागची फिरायला लागायची. मग वर पोत्याची घडी ठेवून गुरुजी बसायचे. शाळेत ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं वर्ग गप व्हायचा, ते तुझे दत्तोपंत गुरुजी आइस्क्रीमच्या बादलीवर! वरून ह्यांना म्हणायचे, "फिरवा शिवपुत्र, थांबलात की नापास." आणि हे खालून म्हणायचे, "गुरुजी, जरा कमी जेवत जावा, बादली खचायली."

आपण दोघी आत परातीशी. मी सीताफळाच्या बिया काढायचे आणि तू वाचून दाखवायचीस. मी शाळा तिसरीत सोडलेली. वाचायला शिकले ते दुकानातल्या पुडीच्या कागदांवर. त्यातल्या कुठल्याच गोष्टीला शेवट नसायचा, शेवट दुसऱ्या कुणाच्या तरी साखरेबरोबर गेलेला असायचा. तू शेजारी राहायला आलीस आणि शेवट असलेली पुस्तकं आणलीस. गुरुजी निवृत्त झाल्यावर तुम्ही तुळजापूरला घर बांधून गेलात, तरी पुस्तकं येत राहिली. आजही एक उशाशी आहे. पण ते राहू दे.

हे गेल्यापासून पॉट झाला नव्हता. दिवाळीला लेकी यायच्या, ओट्यावर बसायच्या, फरसाण खायच्या, इकडंतिकडं बघायच्या आणि उठून जायच्या. कुणी तोंडातून काढलं नाही. यंदा दसऱ्याच्या आधी माझा दीर, शिवलिंग, एका माणसाला घेऊन आला. गुंडाप्पा त्याचं नाव, हायवेला नवीन हॉटेल टाकलंय त्यानं. दारात कंदील टांगलेत, जातं ठेवलंय, बैलगाडीचं चाक उभं केलंय. आता त्याला काउंटरवर ठेवायला जुना पॉट पाहिजे होता. म्हणाला, "मावशी, खाली लाल कापड घालतो, वर लाइट सोडतो, अण्णांचं नाव पाटीवर लिव्हतो. हजार माणूस बघंल." मी म्हटलं, "बघंल, पण खाईल कोण?" तो हसला. शिवलिंग मात्र हसला नाही. तो वाईट नाही गं, त्याला भावाचं नाव कुठंतरी लिहिलेलं पाहिजे होतं. म्हणाला, "वैनी, तीन वर्सं झाली, फडक्यात बांधून ठिवलाय तुमी. वापर न्हाय तर शोभेला तरी लागू द्या की."

मला राग आला तो त्याचं खरं होतं म्हणून. मी तिथल्या तिथं बोलून गेले, की यंदा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पॉट होईल. झाला तर तो ह्या घरातून हलायचा नाही. नाही गोठला तर गुंडाप्पानं त्याच दिवशी येऊन घेऊन जावा, मी आडवी येणार नाही. शिवलिंग म्हणाला, "बघा बरं, वैनी, सगळ्यांसमोर बोलायलात." संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. माझी जाऊ उमादेवी धावत आली. "अक्का, तुमी कधी दांडा तरी धरलाय का वं?" नव्हता धरला. दूध माझं, गर माझा. दांडा, बर्फ, मीठ सगळं त्यांच्याकडं. एवढी वर्षं आइस्क्रीम आपण करतो असं मी समजत होते, आणि मला निम्मंच येत होतं.

पॉट खाली काढला. तो मी किती जपला होता तुला ठाऊक आहे. दर अमावास्येला बादली पुसायची, करडईच्या तेलाचा हात फिरवायचा, ह्यांच्या धोतरात गुंडाळून परत माळ्यावर. लाकूड असं चकाकत होतं की तोंड दिसावं. बादली अंगणात ठेवली आणि धुवायला म्हणून पाणी ओतलं, तर नीला, पाणी ओतायच्या आधी बाहेर. सगळ्या फळ्यांमधून धारा. फळ्यांभोवतीची एक लोखंडी पट्टी सुटून खाली घसरली. मी पायरीवर बसले. तीन वर्षं ज्याला वारा लागू दिला नाही, ते माझ्या डोळ्यांदेखत चाळणी झालं होतं.

मग उपाय सुरू झाले. शिवलिंग एमसील घेऊन आला. कुणी मेण सांगितलं, कुणी डांबर. उमादेवी म्हणाली, "प्लॅष्टिकची बादली घिऊ या की, कोण बगायलंय?" मी मेण लावून बघितलं, बर्फाच्या पाण्यानं ते तडकून निघालं. पुस्तकांत शोधलं. तुझ्या पुस्तकांत राजे आहेत, प्रेमं आहेत, खून आहेत, बादलीचं कुणी काही लिहिलेलं नाही.

उत्तर सापडलं ते म्हशीला पाणी दाखवताना. हौदाशी उभी होते आणि मला माझाच आवाज आठवला. दर दिवाळीच्या आधी मी ह्यांच्यावर ओरडायचे, "अहो, म्हशीच्या हौदात ते काय बुडवून ठेवलंय, जनावरानं पाणी प्यायचं कुठून?" हे बादली हौदात बुडवायचे, वर दगड ठेवायचे, आणि माझं ऐकून न ऐकल्यासारखं करून दुकानात जायचे. मला वाटायचं धुवायला टाकलीय. ती धुवायला नव्हती, नीला. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि फळ्या आपोआप एकमेकींना घट्ट धरतात. कोरडं ठेवलं की आक्रसतं. आणि मी वर तेल पाजून बसले होते, म्हणजे पाणी आत शिरायची वाटच बंद. मग गरम पाणी आणि सोडा घेऊन ते सगळं तेल घासून काढलं. तीन वर्षांची चकाकी गेली, लाकूड उघडं, खरखरीत झालं. पट्टी ठोकून वर चढवली, बादली हौदात घातली, वर तोच दगड. म्हैस माझ्याकडं बघत होती. दिवाळीच्या सगळ्या पणत्या लावून झाल्या की मी हौदाशी जाऊन बघायचे. नरकचतुर्दशीला धारा होत्या, पाडव्याला नुसते थेंब, आणि भाऊबीजेच्या सकाळी पाणी भरून ठेवलं ते जिथल्या तिथं राहिलं.

बर्फाचा वेगळाच तमाशा. सोलापूरचा टेंपो बंद पडला. शिवलिंग म्हणाला नळदुर्गात मासळीवाल्याकडं मिळतोय. उमादेवी कडाडली, "मासळीचा बर्फ? आपल्या वट्यावर? सासूबाई फोटूतनं उतरून येतील!" शेवटी दुसऱ्या गाडीनं लादी आली. दूध मी पहाटेच आटवून गार करून ठेवलं होतं. गर गार दुधातच घातला. सीताफळ आचेवर गेलं की कडवट होतं, हे तरी माझ्या निम्म्यातलं होतं.

ओटा भरला. यंदा गल्लीतल्या सगळ्या लेकी आल्या होत्या. मोनिका हैदराबादहून आली, शिवांजली पोटुशी असून आली. गुंडाप्पा मोटारसायकल लावून, दोरी घेऊन हजर. मी पदर खोचला आणि दांडा धरला. फिरवतेय, फिरवतेय, दांडा हलकाच. घाम निथळतोय, आत दूध नुसतं खळखळतंय. शिवलिंग हळूच फोनवर नळदुर्गच्या दुकानाला विचारत होता, आइस्क्रीमच्या तयार ब्रिका किती आहेत म्हणून. मी ऐकलं. गुंडाप्पाही दोरी सोडायला लागला. मी झाकण पुसून आत बघितलं, तर कडेला बर्फाची साय नाही, काही नाही. आणि माझा हात मिठाच्या डब्यात गेला तेव्हा मला दिसलं मी काय करतेय ते. तीन बोटांची चिमूट. अगं, मी स्वयंपाकाच्या हातानं मीठ टाकत होते, जसं वरणात टाकते तसं. आणि हे कसं टाकायचे? पेरणीला माणूस मूठ भरून उधळतो तसं. मी डबा ठेवला, गोणीच ओढली, आणि मूठ भरभरून बर्फावर टाकलं. उमादेवी ओरडली, "अक्का, खारट व्हईल की!" मी म्हटलं, "बाहेर खारट होऊ दे, आत गोड होतंय."

बर्फ करकरला. बादलीच्या काठाजवळच्या भोकातून खारं पाणी वाहायला लागलं. डब्याला बाहेरून पांढरा थर धरला. आणि नीला, दांडा जड झाला. आधी वाटलं माझाच हात दमलाय. मग बादली जागची फिरली. हाताला आतून कुणीतरी उलटं धरल्यासारखं वाटलं, आणि मला कळलं की हे दर वर्षी हेच धरून हसायचे. मी ओरडले, "बसा कुणीतरी!" सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. ती जागा कुणाची, हे त्या ओट्यावर सगळ्यांना माहीत होतं. शेवटी उमादेवीनं पातळ सावरलं, पोतं टाकलं आणि बसली. बसली ती अशी की बादली काय, ओटाही हलला नसता. मोनिका म्हणाली, "काकू, म्हणा की काहीतरी, गुरुजी म्हणायचे तसं." उमादेवीनं मला वरून दम दिला, "फिरवा अक्का, थांबलात की नापास!"

दांडा पुढं जाईनासा झाला तेव्हा थांबले. डबा उघडला. असं घट्ट, नीला, की आतली घुसळायची पाती उपसताना दोघींना ओढावी लागली. पहिली वाटी शिवांजलीला दिली. तिनं चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग म्हणाली, "अण्णांचंच आहे." दुसरी वाटी शिवलिंगला. तो पाठ करून भिंतीकडं तोंड करून खात उभा राहिला. मी तिकडं बघितलं नाही. गुंडाप्पानं वाटी चाटून पुसून खाल्ली, पुन्हा पुढं केली, पुन्हा केली. मग दोरी गुंडाळून खिशात घातली आणि म्हणाला, "मावशी, पॉट ऱ्हाऊ द्या. तुमीच या हाटेलात." मी म्हटलं, "मला पण लाल कापडावर ठेवतोस का रे?" सगळा ओटा हसला. मीही हसले, मोठ्यानं, तोंडावर पदर न धरता. हे गेल्यानंतर मी असं हसले नव्हते. ते तिथं नव्हते, हे त्या हसण्यातही मला माहीत होतं. ते माहीत असणं काही जात नाही. पण हात चालतात.

आता ज्यासाठी हा कागद घेतला ते. गुरुजी श्रावणात गेले, त्याला आज एवढे दिवस झाले, आणि भैरवी सांगते तू आतल्या खोलीतून बाहेर येत नाहीस. रोज त्यांचा चष्मा पुसतेस, घडी करून डबीत ठेवतेस, काठी पुसतेस, कपाट पुसतेस. मी तुला काही शिकवत नाही. मीही तीन वर्षं तेल लावत होते. शुक्रवारी गुंडाप्पाची गाडी तुळजापूरला येतेय, तिच्यात बादली पाठवतेय, एकटी बादलीच. वाटेत उन्हानं सुकेल. उतरली की तुझ्या मागच्या हौदात बुडव आणि वर दगड ठेव. भैरवीला सांगू नकोस, तू स्वतः ठेव, आणि सकाळ-संध्याकाळ जाऊन बघ पाणी खाली गेलं का, गेलं असलं तर भर. रविवारी मी येते. बर्फ, मीठ, दूध, सीताफळं, सगळं माझ्याकडं. दांडा मी फिरवीन, आता मला येतो. पण वर बसायला माणूस लागतं, आणि उमादेवीला मी आणणार नाही. पोत्याची घडी जरा जाड कर. खालून फार गार लागतं, गुरुजी दर वर्षी घरी आल्यावर तुझ्याकडं तक्रार करायचे ना?

दांडा धरून वाट बघणारी,
तुझीच
सिद्धम्मा