आलेच हं, आजोबा

प्रिय भिंगरी,

लहानपणापासून तू वस्तू कुठेतरी ठेवायचीस आणि विसरून जायचीस. डबा शाळेत, छत्री मैत्रिणीकडे. एकदा तर एकच बूट घालून घरी आलीस आणि दुसरा कुठे गेला ते मलाच विचारत बसलीस. आता एक म्हातारी विसरली आहेस. ती सापडली आहे, म्हणून कळवते. दुसरा मजला, म्हाताऱ्यांचा वॉर्ड, बायकांच्या बाजूची खिडकीकडची खाट. पत्ता ओळखीचा वाटला ना? वाटणारच. इथेच तर सिस्टर म्हणून पायाला चाकं लावून पळायचीस, म्हणून घरात तुझं नाव भिंगरी पक्कं झालं.

माझं खुब्याचं हाड मोडलं. स्टुलावरून पडले. या वयात स्टुलावर कशाला चढलीस याचं उत्तर तुझ्या बापाला अजून दिलेलं नाही, तर तुला काय देणार! तो मला दुसऱ्या, भारीतल्या हॉस्पिटलात नेत होता. मी म्हटलं, तिथे नेलंस तर तोंड उघडणार नाही, ना औषधाला ना जेवायला. जिथे तुझे वडील गेले तिथेच ने. त्याला वाटलं, आईचं डोकंही आपटलं. नेलं बिचाऱ्याने. आता पायाला वजन लटकवून ठेवलंय आणि मी छताकडे बघत पडले आहे.

हे लिहितायत त्या शेजारच्या खाटेवरच्या बाई. पूर्वी कचेरीत टाइप करायच्या. पाय प्लास्टरात, हात रिकामे, आणि कान तर फारच रिकामे. मी बोलते तसंच लिहा म्हणून बजावलंय. मघाशी 'म्हातारी' खोडून 'वृद्धा' लिहायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, अहो, माझ्या नातीला वाटेल भलत्याच कुणाचं पत्र आलं.

तुझ्या वॉर्डातली घंटा तुला मी काय सांगायची? पण मला ती नवीन होती. उशाशी बटण, ते दाबलं की बाहेर लाल दिवा लागतो आणि घंटा वाजत राहते. आले त्या दिवशी मी दाबलं. एक पोरगी धावत आली, तुझ्याहून लहान, केस सुटलेले. तिने माझ्या उशाशी हात घातला, घंटा बंद केली, "आलेच हं, आजी" म्हणाली आणि गेली. मी म्हटलं, आली तर होती की ही, मग पुन्हा कुठून यायचीय? मला भांडं हवं होतं गं. वाट पाहिली. ओठ आवळून पाहिली. शेवटी जे होऊ नये ते झालं. ती परत आली तेव्हा चादर ओली आणि माझे डोळे कोरडे. तिचे मात्र भरलेले. चादर बदलता बदलता मलाच तिची समजूत घालावी लागली.

आधी घंटा बंद करायची आणि काम मागाहून, हे कसलं उफराटं शिक्षण? मी मोठ्या सिस्टरांना गाठलं. त्या आधी टाळत होत्या, पण माझ्यासारखी खाटेला बांधलेली बाई प्रश्न विचारायला लागली की सुटका नसते. त्या म्हणाल्या, आजी, खाली मॅनेजरसाहेबांच्या खोलीत एक टीव्हीसारखा पडदा आहे. कुठल्या वॉर्डात घंटा किती वेळ वाजते ते त्यावर दिसतं. फार वाजली की खाली बोलावणं येतं, सगळ्यांदेखत बोलणी बसतात. बंद झाली की पडद्याला वाटतं पेशंटचं काम झालं. मग या पोरी काय करणार? येतात, बंद करतात, पुढे पळतात. आणि माणसं वाढवून मागायला गेलं की साहेब तोच पडदा दाखवतात. तुमच्या घंटा तर पटापट बंद होतायत, मग माणसं कशाला हवीत?

साहेब परवा फेरीला आले होते. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. माणूस वाईट नसावा, फक्त वरती कमी येत असावा. मला म्हणाले, "आजी, घंटा वाजवली की लगेच कुणी येतं ना?" मी म्हटलं, लगेच येतात, आणि त्याहून लगेच जातात. ते हसले. आजी गमतीशीर आहेत, असं बरोबरच्या माणसाला म्हणाले. पलीकडून बाईंनीही हसून घेतलं. मी मात्र पार्टिशनकडे तोंड फिरवलं, कारण त्याच्या पलीकडे, पुरुषांच्या बाजूला, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, तुझ्या आजोबांची खाट होती.

आजोबांनी जन्मात कधी कुणासाठी दम धरला नाही. बस थांबायच्या आत उतरायचे. चहा जीभ भाजेल इतका गरम प्यायचे, वर मलाच म्हणायचे, एवढा कडकडीत कशाला केलास? मी बोलायला तोंड उघडलं की वाक्य तेच पुरं करायचे, आणि नेमकं चुकीचं करायचे. हल्ली मी बोलता बोलता मध्येच थांबते. कुणी पुढे बोलत नाही. मग काय सांगायचं होतं ते माझं मलाच आठवत नाही.

त्यांना इथे आणलं त्या दिवशी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात ते तुला म्हणाले होते, "मला सगळ्यांच्या शेवटी बघायचं. नातीचा आजोबा म्हणून आधी आलीस तर उठून घरी जाईन." तू हसून मान डोलावलीस. ते तुला ऐकवायला होतं. मला सांगायचे ते निराळं होतं, भेटायच्या वेळी, हळू आवाजात. म्हणायचे, या पोरीला मी मांडीवर झोपवलं, आता तिने मला भांडं द्यायचं? माझ्याने नाही व्हायचं. मामा असला की बरं असतं. तो वॉर्डातला मामा, सारखा गुणगुणणारा, म्हाताऱ्यांना लेकरासारखं उचलून संडासापर्यंत नेणारा. पण वरून हुकूम आला होता, तीन मजल्यांना मिळून एकच मामा पुरे. बाकीच्यांना घरी पाठवलं. आजोबांचा मामाही गेला. तरी ते घंटा दाबून दाराकडे बघत राहायचे, उरलेला तरी येईल म्हणून.

त्या दुपारचं मला कुणी धड सांगितलं नव्हतं. तुझा बाप म्हणाला, पडले, डोक्याला लागलं, गेले. हॉस्पिटलचा माणूस म्हणाला, सिस्टर घंटा बंद करून निघून गेली. कुठली सिस्टर ते त्याने सांगितलं नाही, तुझ्या चेहऱ्याने सांगितलं. तू आपल्या दारापर्यंत आलीस, चप्पलही काढली नाहीस, माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि वळलीस. तेव्हापासून घरी आली नाहीस. बापाचा फोन उचलत नाहीस. म्हणून मला इथेच यायचं होतं, पोरी. ते कुठे पडले, काय बघत पडले होते, ते मला पडून बघायचं होतं. मोडलेलं हाड एवढ्या एका कामाला तरी उपयोगी आलं.

बाकीचं मोठ्या सिस्टरांनी सांगितलं. तुझ्या जोडीची सिस्टर तापाने घरी, बदली कुणी दिली नाही, दोन्ही बाजूंना तू एकटी. दाराजवळच्या खाटेवरच्या सुताराला श्वास घेता येईना, ओठ निळे पडले. तेवढ्यात आजोबांची घंटा. धावता धावता तू त्यांच्या उशाशी हात घातलास, "आलेच हं, आजोबा" म्हणालीस आणि सुताराकडे गेलीस. सुतार वाचला. आपल्या पायांनी घरी गेला. तू परत आलीस तेव्हा आजोबा खाली होते.

तुला वाटतं, तुझी वाट पाहून पाहून ते उठले. नाही गं. मी त्या माणसाबरोबर जन्म काढलाय. घंटा मामासाठी होती आणि आलीस तू. आता परत येणार तीही तूच, हे त्यांना कळलं. म्हणून उठले. तू यायच्या आत आपलं आपण आटपून घ्यायला. तू येणार नाहीस असं वाटून ते उठले नाहीत, भिंगरी. तू नक्की येशील म्हणून उठले.

बाईंनी मघाशी लेखणी खाली ठेवली होती, चष्मा पुसायला. पुसू दिला.

मला राग नाही असं समजू नकोस. त्यांच्यावर आहे, एवढी कसली ती लाज? मामाला घरी बसवणाऱ्यावर आहे. त्या पडद्यावर आहे. एवढ्या सगळ्यांना वाटून झाल्यावर तुझ्यापुरता उरला नाही.

आता पत्र कशासाठी ते सांगते. सोमवारी खालच्या मोठ्या खोलीत त्या दुपारची चौकशी आहे. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, तू आधीच कळवून टाकलंयस की चूक माझी, मला काही बोलायचं नाही, नोकरी सोडते. म्हणजे तू जाणार, पडदा राहणार, मामा येणार नाही, आणि ती केस सुटलेली पोरगी उद्या तुझ्या जागी उभी राहणार. मी साहेबांना निरोप धाडलाय की गेलेल्या माणसाची बायको मी, मलाही बोलायचंय. ते म्हणे, आजींना हलवता येणार नाही. मी म्हटलं, खाटेला चाकं कशाला लावलीत मग? ऑपरेशन मंगळवारी आहे. हाडाचं होईल, हृदयाची खात्री नाही, असं डॉक्टर तुझ्या बापाला बाहेर नेऊन सांगत होते. दार मात्र उघडंच होतं. तेव्हा मला जे बोलायचंय ते सोमवारीच. खाट ढकलायला तू ये. माझ्यादेखत 'चूक माझी' म्हणायचं नाही. पत्र घेऊन येणाऱ्या तुझ्या बापाला दारातून परतवून लावू नकोस, आणि त्याच्याबरोबर खायला पाठव. मला नको, मला इथे पातळ पेज घालतात, ती गिळते. इथल्या पोरी दुपारचं जेवण भिंतीशी उभ्या राहून उरकतात, तेही जमलं तर. त्यांच्यासाठी उकडलेली अंडी पाठव, मीठ लावून. आणि सोलून पाठव, सोलत बसायला यांना फुरसत नसते.

तुझीच,
आजी